नानकाईची ‘तातडीची माहिती’: भाकीत नव्हे, शक्यतेचा दर

जपानची हवामान संस्था २०१९पासून एक सेवा चालवते, ‘नानकाई गर्त भूकंपाची तातडीची माहिती’. शिझुओकापासून क्यूशूपर्यंतच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाशी एक लांब गर्त आहे. तिथे एखादा मोठा भूकंप झाला, तर त्याच्यामागून महाकाय भूकंप येण्याची शक्यता किती वाढली, एवढंच ही सेवा सांगते. दिवस आणि वेळ सांगत नाही. जोराचा धक्का पोचण्याच्या काही सेकंद आधी फोन किंचाळतो, ती सेवा वेगळी. या दोघींची गल्लत फार होते.

काम कसं चालतं ते पाहू. ठरवलेल्या पट्ट्यात ६.८ मॅग्निट्यूडचा किंवा त्याहून मोठा भूकंप नोंदला गेला, की आधी ‘तपास सुरू’ अशी सूचना निघते आणि तज्ज्ञांची समिती बसते. मग मोमेंट मॅग्निट्यूड (भूकंपाच्या आकाराचं अधिक नेमकं माप) मोजून निकाल लागतो. भूपट्टांच्या सीमेवर ८ किंवा अधिक भरला तर ‘इशारा’, ७ किंवा अधिक भरला तर ‘सावधगिरी’, नाहीतर ‘तपास संपला’. भूपट्ट न हादरता नेहमीपेक्षा वेगळा, हळूहळू सरकू लागला तरी ‘सावधगिरी’ लागू होऊ शकते. ८ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी ४:४३ला क्यूशूजवळच्या ह्यूगा-नादा समुद्रात ७.१चा भूकंप झाला आणि संध्याकाळी ७:१५ला इतिहासातली पहिली ‘सावधगिरी’ जाहीर झाली. अडीच तास. सरकारी कारभाराच्या मानाने हा वेग चांगलाच म्हणायचा. १३ जानेवारी २०२५च्या रात्री त्याच भागात पुन्हा भूकंप झाला. मोमेंट मॅग्निट्यूड ७च्या आत राहिला, म्हणून मध्यरात्रीच्या आधीच तपास मिटला. काटा दोन्ही बाजूंनी नीट चालतो, हे त्यातून दिसलं.

आता आकडे, कारण या सेवेचा खरा माल तोच. १९०४ ते २०१४ या काळात जगभरात ७ किंवा अधिक मॅग्निट्यूडचे १,४३७ भूकंप झाले. त्यांतल्या ६ वेळा सात दिवसांत जवळच ८च्या वर्गातला किंवा त्याहून मोठा भूकंप आला. म्हणजे साधारण २४०त एक. नानकाईत एरवीच्या कुठल्याही आठवड्यात ही शक्यता हजारात एकच्या आसपास धरली होती. म्हणजे ‘सावधगिरी’त ती चौपट-पाचपट होते, आणि तरीही २४०पैकी २३९ वेळा काहीच होत नाही. ‘इशाऱ्या’चं पारडं जड आहे: ८ किंवा अधिकच्या १०३ भूकंपांपैकी ७ वेळा, म्हणजे पंधरात एक. म्हणूनच तिथे त्सुनामीतून वेळेत पळता न येणाऱ्यांना आठवडाभर आधीच हलवतात. ‘सावधगिरी’त सरसकट घर सोडायला सांगत नाहीत.

हजारात एक हा आकडा मात्र दगडावरची रेघ नाही. तो ३० वर्षांत ७० ते ८० टक्के या जुन्या अंदाजातून आला. सप्टेंबर २०२५मध्ये सरकारी समितीने तो अंदाज बदलून एका पद्धतीने ‘६० ते ९० टक्क्यांहून अधिक’ आणि दुसरीने ‘२० ते ५० टक्के’ असा केला. कोची प्रांतातल्या मुरोत्सू बंदराची जमीन पूर्वी किती उचलली गेली, याच्या जुन्या मोजमापातली अनिश्चितता त्यात धरली गेली. पाया एवढा रुंद असेल, तर ‘पाचपट’ या शब्दाला फार लटकू नये.

सगळ्यात कच्चा दुवा सूचनेच्या सात दिवसांच्या मुदतीचा. याच गर्तेचा इतिहास काढा. १७०७मध्ये सगळा पट्टा एकदम फुटला. १८५४मध्ये आधी पूर्वेकडचा आणि सुमारे ३२ तासांनी पश्चिमेकडचा. १९४४नंतर दुसरा भाग फुटायला १९४६ उजाडलं. या तिघांपैकी आठवड्याच्या चौकटीत एकच बसतो: पहिल्यात सूचना द्यायला वेळच नाही, तिसऱ्यात मुदत कधीच संपलेली. मोठ्या भूकंपानंतर धोका दिवसागणिक उतरतो हे खरं, पण नेमके सातच दिवस का? लोक किती दिवस कळ काढतील, याचा विचार त्यात आहे. शास्त्राने दिलेली ती रेघ नव्हे.

नावही घातक आहे. ‘महाकाय भूकंप: सावधगिरी’ असं पडद्यावर झळकल्यावर २४०त एक कोणाच्या लक्षात राहणार? ऑगस्ट २०२४मध्ये ओबोनच्या (पितरांच्या सणाच्या) सुट्टीतली हॉटेल-बुकिंग रद्द झाली, किनारे बंद झाले, दुकानांतून पाणी आणि तांदूळ गायब झाले. ‘सावधगिरी’च्या दुसऱ्याच दिवशी कानागावा प्रांतात ५.३चा भूकंप झाला. त्याचा नानकाईशी संबंध नव्हता, हे संस्थेला वेगळं सांगावं लागलं. तोकाइदो शिनकानसेनने मिशिमा ते मिकावा-आन्जो टप्प्यात वेग ताशी २८५वरून २३० किलोमीटरवर आणला आणि गाड्या दहाएक मिनिटं उशिरा धावल्या. हा उपाय सगळ्यात शहाणा वाटतो: किंमत कमी, सेवा चालू.

तरी पूर्वीच्या व्यवस्थेपेक्षा ही कितीतरी प्रामाणिक. १९७८च्या कायद्याने तोकाई भूकंपाचं भाकीत करून रेल्वे थांबवायची तयारी ठेवली होती. ते भाकीत कधीच निघालं नाही आणि २०१७मध्ये नेमकं भाकीत शक्य नाही असं मान्य करून तो मार्ग सोडला. या सेवेला माझे पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो नावासाठी, एक कापला तो आठवड्याच्या मुदतीसाठी.

तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी: नानकाईसाठी तयारी ठेवायच्या भागांच्या २०२४च्या यादीत २९ प्रांतांतल्या ७०७ नगरपालिका होत्या. त्यात तोक्योची बेटं होती, शहराचे २३ वॉर्ड नव्हते. आपत्तीच्या सूचना देणाऱ्या ‘सेफ्टी टिप्स’ ॲपवर मराठी-हिंदी नाही, पण नेपाळी आहे. देवनागरी असल्याने निम्मं तरी कळतं. सूचना निघाली की कपाट भिंतीला पकडलेलं आहे ना ते तपासा, माणशी रोज ३ लिटर पाणी मोजा, १७१ हा निरोपाचा नंबर घरच्यांना शिकवा (१ दाबून निरोप ठेवायचा, २ दाबून ऐकायचा). शाकाहारींनी पाकिटातला अल्फा भात (शिजवून वाळवलेला) साधा पांढराच घ्यावा, कारण चवीच्या बऱ्याच प्रकारांत मासळी किंवा कोंबडीचा अर्क असतो. उकळत्या पाण्यात तो १५ मिनिटांत फुलतो. गॅस बंद असेल तर गार पाण्यात तासभर.