लालबागच्या मिरची गल्लीतलं कांडप

दळलं की पीठ, कुटलं की पूड. भुकटी दुधाची, चूर्ण वैद्याचं, पावडर तोंडाला लावायची. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत पूड म्हणजे काय ते हाताला कळतं. डंक्यात, म्हणजे कुटायच्या यंत्रात, लोखंडी मुसळं वरून आपटतात, मिक्सरच्या पात्यासारखी गरगर फिरत नाहीत. मिरची कमी तापते, म्हणून रंग आणि वास टिकतो. मसाला करायचा तर इथेच करावा, असं आमचं स्पष्ट मत.

मिरची तिथेच मिळते. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. ६०० ग्रॅम बेडगीला ४०० ग्रॅम संकेश्वरी हे प्रमाण रोजच्या आमटी-भाजीला नेमकं बसतं. देठ काढून, कडक ऊन देऊनच कुटायला द्या. मोडल्यावर कटकन तुटली पाहिजे. ओलसर मिरची मुसळाखाली चिकटते आणि पुढे पुडीला बुरशी धरते.

खडा मसाला भाजूनही मिळतो, पण प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायला सांगा. धण्यांबरोबर खसखस टाकली तर ती आधी करपते आणि सगळा मसाला कडवट होतो. चाळणीवर उरलेली जाड भरड टाकून देऊ नका, परत कुटून घ्या.

पूड गरम असताना बरणीत भरली तर वाफ धरून गोळे होतात. कागदावर पसरून पूर्ण गार करा, मग काचेच्या बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवा.

एप्रिल-मे महिन्यांत गर्दी फार. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उखळात राहिलेला असतो, विशेषतः हळद कुटायची असेल तर तो आधी झाडून घ्यायला सांगा.