जादूच्या चिमुकल्या दुकानातला उजेड: बटण सेल की पाच व्होल्टची वायरिंग?

१:१२ प्रमाणात, म्हणजे एका फुटाला एक इंच धरून, जादूच्या वस्तूंचे बाहुलीघरातले दुकान मांडताना दिव्यांचा निर्णय सामानाच्याही आधी घ्यावा, कारण भिंतींना कागद चिकटवल्यावर वायर लपवायला जागा उरत नाही.

बटण सेलवर चालणारी बारीक तांब्याच्या तारेची एलईडी माळ स्वस्त असते आणि तिला सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने तारा जोडणे, लागत नाही. मात्र सीआर२०३२ या नाण्यासारख्या चपट्या बटण सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असल्याने उजेड लवकर मंदावतो. शिवाय गिळलेला सेल लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो, त्यामुळे त्याची डबी स्क्रूने बंद होणारीच हवी.

मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवर मात्र प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे, हवा तिथे बसवता येतो. सुमारे ३ व्होल्टच्या उबदार पांढऱ्या एलईडीला १५० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग, जोडला, की साधारण १३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि दिवा तापत नाही. नाशिकच्या भांडी बाजारातून मी भातुकलीची दोन इंची पितळी कढई आणली होती. या प्रमाणात ती दोन फुटी काढ्याची कढई ठरते. तिच्या तळाशी नारिंगी एलईडी आणि वर हिरवट रेझिनचा थर दिल्यावर, चहाच्या पाण्याने रंगवलेल्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्यांवर जो उजेड पसरला, तो माळेतून मला कधीच साधला नव्हता.

कायमच्या दुकानासाठी मी वायरिंगच निवडेन. प्रदर्शनात न्यायच्या सुट्या कपाटाला माळ पुरते.