टायर, ट्रिम आणि इंजिन बे: किनाऱ्यावरच्या गाडीला कोणतं ड्रेसिंग लावावं? (पूर्ण पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव)

गाडी उभी असते रत्नागिरीत, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वर ना पत्रा, ना झाड. छोटी एसयूव्ही आहे, त्यामुळे चाकांच्या कमानींपासून दारांच्या खालच्या कडेपर्यंत बिनरंगाचं काळं प्लास्टिक भरपूर. गेल्या दिवाळीनंतर वेगवेगळ्या प्रकारची ड्रेसिंग, म्हणजे टायर-प्लास्टिकला काळेपणा आणि चमक देणारी द्रवं, आणली आणि आळीपाळीने वापरली. कोरडा हिवाळा, एप्रिल-मेचं ऊन आणि अख्खा पावसाळा पाहून झाला, म्हणून आता लिहितोय.

निष्कर्ष आधी सांगतो. लावून पुसल्यावर जे हाताला पूर्ण कोरडं लागतं, तेच कोकणात घ्यावं. बोट फिरवल्यावर बोट ओशट होत असेल तर ती बाटली दुकानातच ठेवा, मग तिची चमक कितीही भारी दिसो.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. एक पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेलं सिलिकॉन. हे पारदर्शक, तेलकट असतं, रॉकेलसारखा वास येतो आणि डब्यावर ज्वलनशील असल्याचं चिन्ह असतं. वॉशिंग सेंटरवर ‘टायर पॉलिश’ म्हणून कॅनमधून जे मारतात ते बहुतेक वेळा हेच. दुसरं पाण्यात मिसळलेलं सिलिकॉन, दुधासारखं पांढरं. लेबल नीट वाचता येत नसेल तर ग्लासभर पाण्यात थेंब टाकून बघा. दुधाळ होऊन मिसळलं तर ते पाण्याचं, वर तवंग आला तर तेलकट. याशिवाय तिसरा प्रकार म्हणजे ट्रिमवर, म्हणजे बाहेरच्या बिनरंगाच्या काळ्या प्लास्टिकवर, घट्ट होऊन बसणारं सिरॅमिक कोटिंग. ते ड्रेसिंग नव्हे, पण निवड करताना त्याचा विचार करावाच लागतो.

मागच्या दाराखालच्या क्लॅडिंगवर, म्हणजे त्याच काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, मध्ये मास्किंग टेप लावली. डावीकडे तेलकट जेल, उजवीकडे पाण्याचं. पहिल्या दिवशी डावी बाजू नि:संशय देखणी होती, शोरूममधून आताच काढल्यासारखी काळीभोर. मग चिरेखाणीकडच्या रस्त्याने गाडी नेली. परतल्यावर डाव्या बाजूवर जांभ्याची लाल धूळ अशी बसली होती की प्लास्टिकचा दाणेदार पोत भरूनच गेला होता. पाण्याचा जोरात फवारा मारला तरी खड्ड्याखड्ड्यांत तांबूस रंग उरला, शेवटी शांपू आणि ब्रश घ्यावा लागला. उजव्या बाजूची धूळ ओल्या मायक्रोफायबरच्या एका फेरीत उतरली. जांभ्याच्या धुळीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साईडचा असतो आणि ती अतिशय बारीक असते. तेलाच्या थरात अशी धूळ एकदा मुरली की पॉलिश आणि धूळ दोन्ही एकत्रच खरवडून काढावी लागतात. हवेतला खारही त्याच थरात अडकतो. मीठ ओलावा ओढून घेतं, म्हणून तो थर सकाळी हात लावला तर दमट चिकट लागतो.

प्लास्टिक पांढुरकं का पडतं, हेही समजून घ्यायला हवं. बंपर-क्लॅडिंगचं काळं प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर तुटतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्यावरून प्रकाश विखुरतो, तोच आपल्याला राखाडीपणा दिसतो. कोणतंही तेल त्या भेगा तात्पुरत्या भरतं आणि प्लास्टिक पुन्हा काळं दिसतं. तेल उडालं किंवा धुतलं गेलं की भेगा जिथल्या तिथे. म्हणून नुसतं ‘काळं करणारं’ ड्रेसिंग आणि ‘ऊन अडवणारं’ ड्रेसिंग यांत फरक करा. ऊन अडवणाऱ्यांत मला ३०३ एअरोस्पेस प्रोटेक्टंट आवडलं. पाण्याचं आहे, पेट्रोलियम द्रावक नाही, फिनिश मूळ प्लास्टिकसारखा येतो. फवारून सगळीकडे पसरवायचं आणि लगेच दुसऱ्या कापडाने पूर्ण कोरडं पुसायचं. ही कोरडी पुसणी टाळू नका, नाहीतर ओघळांचे डाग राहतात. कारप्रो कंपनीचं पर्ल हे ड्रेसिंगही घरात आहे. ते घट्ट येतं आणि पातळ करून वापरता येतं: टायरला एकास एक, बाहेरच्या प्लास्टिकला एकास तीन, आतल्या डॅशबोर्डला एकास पाच. एका बाटलीत सगळं भागवायचं असेल तर हे सोयीचं.

आता पावसाळा. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इतक्या पाण्यात पाण्याचं कुठलंही ड्रेसिंग फार काळ टिकेल अशी अपेक्षा धरणं चूक आहे. पण ते गेलं तरी निमूट जातं. तेलकट जेल जाताना दारांच्या रंगावर ओघळ सोडतं आणि ते पुसल्यावरही सप्तरंगी झाक मागे राहते. वायपरखालची काळी जाळी, म्हणजे काऊल, तिच्यावर तर ते चुकूनही लावू नका. पावसात तिथलं सिलिकॉन वायपरच्या पात्यावर आणि तिथून काचेवर येतं. रात्री समोरून ट्रक आला की काचभर धुरकट पट्टा. आपल्याकडे घाटात, धो धो पावसात, हा थेट जिवाशी खेळ आहे. काऊलवर ड्रेसिंग आधी कापडावर घ्यायचं, मग चोळायचं आणि कोरडं पुसायचं. फवारा नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये ड्रेसिंग वारंवार लावत बसण्यापेक्षा मेच्या मध्यावर ट्रिमला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं आणि सगळ्या खर्चात मला हाच खर्च सार्थकी लागलेला वाटतो. मेहनत मात्र आहे. क्लॅडिंग आधी ऑल-पर्पज क्लीनर आणि ब्रशने घासायचं, सुकवायचं, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचं. जुन्या सिलिकॉनचा अंश उरला तर कोटिंग धरतच नाही. थेंब थेंब ॲप्लिकेटरवर घेऊन छोट्या भागात चोळायचं आणि जास्तीचं लगेच टिपायचं, कारण वाळलेला उंचवटा नंतर निघत नाही. सकाळी लवकर, सावलीत, प्लास्टिक थंड असताना. त्यानंतर गाडी निदान एक दिवस कोरडी राहायला हवी, म्हणून मृग लागण्याची वाट बघू नका. गणपतीत पाहुण्यांनी गाडी नवी घेतली का विचारलं, तेव्हा क्लॅडिंगवर कोटिंगशिवाय काहीच नव्हतं.

टायरचं गणित वेगळं. टायर तपकिरी पडतो तो निव्वळ चिखलाने नाही. रबराला ओझोनमुळे तडे जाऊ नयेत म्हणून त्यात सिक्स-पीपीडीसारखी रसायनं आणि मेण घातलेलं असतं. टायर फिरताना, दबताना ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवा लागून तपकिरी होतं. म्हणजे तो टायरचा स्वतःचा बचाव आहे. पेट्रोलियम द्रावक हा अंश धुऊन नेऊ शकतात, म्हणून रोजच्या वापराला मी टायरलाही पाण्याचंच लावतो. लावण्याआधी कडक ब्रशने घासायचं. पहिल्यांदा फेस चहाच्या रंगाचा येतो. तो पांढरा येईपर्यंत घासत राहा. एवढं केलं की साधंसुधं ड्रेसिंगही छान बसतं आणि न घासलेल्या टायरवर महागडंही दोन दिवसांत चट्टे पाडतं.

पातळ हात मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, उरलेलं फडक्याने टिपा आणि मगच गाडी हलवा. हे न केल्यास चाक फिरताना जास्तीचं ड्रेसिंग उडतं आणि चाकामागच्या पॅनेलवर काळे ठिपके बसतात. पांढऱ्या गाडीवर ते फारच वाईट दिसतात. टायरच्या फक्त बाजूच्या भिंतीवर लावायचं. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर आणि ब्रेकच्या डिस्कवर थेंबही जाऊ देऊ नका. दुचाकीच्या टायरला तर काहीच लावू नका, वळणावर ती कडेवर झुकते.

वॉशिंग सेंटरवर मेअखेर ठरलेला प्रश्न येतो: “काका, पावसाळा येतोय, खालून आणि इंजिनला डिझेल मारून देऊ?” माझं ठरलेलं उत्तर: “नको रे बाबा, नुसतं पाणी मार, तेही बोनेट बंद ठेवून.” डिझेलने तास-दोन तास सगळं काळं कुळकुळीत दिसतं हे खरं. पण दारांचं रबर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं आणि खनिज तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं. सस्पेन्शनचे रबरी बुश, होसेस, वायरींचं आवरण यांनाही ते मानवत नाही. शिवाय तापणाऱ्या इंजिनावर ज्वलनशील द्रव कशाला मारायचा? दारांच्या रबराला पाण्याचं सिलिकॉन ड्रेसिंग किंवा शुद्ध सिलिकॉन चोळलं तर रबर मऊ राहतं, पावसात दार चिकटत नाही आणि कोपऱ्यांतून पाणी झिरपण्याची शक्यता कमी होते. ड्रेसिंगच्या पैशांची सगळ्यात खरी वसुली मला इथेच झालेली दिसते.

इंजिन बेमध्ये, म्हणजे बोनेटखालच्या जागेत, माझा हात सगळ्यात आखडता आहे. इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडायचं. आधी काऊलखाली अडकलेली आंब्या-फणसाची सुकी पानं काढायची, कारण ती पाण्याची वाट बुजवतात. मग मऊ ब्रशने धूळ झाडायची. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीने झाकायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. प्रेशरचं पाणी नको. ड्रेसिंग फडक्यावर घेऊन फक्त प्लास्टिकची कव्हरं आणि रबरी होसेस पुसायचे. बेल्टला लागलं तर बेल्ट घसरून किंचाळतो आणि एक्झॉस्टच्या गरम भागावर लागलं तर धूर येतो, म्हणून त्या दोन्हींच्या जवळपासही जाऊ नये. काहीजण फवारून बोनेट लावतात आणि उष्णतेने आपोआप सुकेल म्हणतात. आपल्याकडे त्या ओल्या थरावर दोन दिवसांत लाल पूड बसते आणि पुढे गळती कुठून होतेय हे मेकॅनिकला दिसत नाही.

खाऱ्या हवेपासून धातू वाचवण्याचं काम मात्र ड्रेसिंगचं नाही. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने काढून, कोरडं करून त्यावर पेट्रोलियम जेली लावा. उघड्या नट-बोल्ट, ब्रॅकेटना मेणाचा किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणाचा) गंजरोधक वेगळा मिळतो.

स्टिअरिंग, पेडल आणि सीटवर यातलं काहीही लावू नका, हात-पाय सरकतात. बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका, मे महिन्याच्या उन्हात पाण्याचं ड्रेसिंग फाटतं आणि नंतर कितीही हलवलं तरी गुठळ्या जात नाहीत. आणि नवीन बाटली आणली की आधी मडफ्लॅपवर लावून बघा. तिथे लाल चिखल सगळ्यात जास्त उडतो, दोन पावसांत निकाल समोर येतो.