साडेसहाशेचा सेटिंग स्प्रे आणि चाळीस रुपयांच्या गुलाबजलाचा पंप

लिहिणार नव्हतेच खरं तर, पण गेल्या आठवड्यात कंपनीकडून जे पार्सल आलं ते उघडून बघितल्यावर म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. पार्सलचं पुढे सांगते.

दिवाळीच्या सेलमध्ये सेटिंग स्प्रे, म्हणजे मेकअप टिकावा म्हणून शेवटी तोंडावर मारतात तो, घेतला होता, आता आषाढ लागलाय, म्हणजे आठ महिने धरा. शंभर एमएलची बाटली, मॅटवाली म्हणजे चमक न ठेवणारी, ६४९ ला पडली. सासूबाई अमळनेरच्या, त्यांनी बिल बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "काय वं माय, पानीनी बाटलीले साडेसहाशे?" मी म्हटलं पाणी नाहीये ते. मागची यादी वाचली तर पहिलंच नाव पाणी निघालं. यादीत जे सगळ्यात जास्त असतं ते आधी लिहितात, त्यामुळे तिथे मी गप्प बसले. पाण्यानंतर अल्कोहोल डिनॅट, म्हणजे न पिण्याजोगं केलेलं अल्कोहोल, मग पीव्हीपी, हेअर स्प्रेमध्येही असतं तेच, सुकलं की पातळ पापुद्रा धरतं. म्हणून काहीजणी हेअर स्प्रेच तोंडावर मारा म्हणतात, ते मात्र करू नका, डोळ्यांची आग होईल आणि चेहरा ओढल्यासारखा होईल.

माझं रोजचं सांगते म्हणजे कशावरून बोलतेय ते कळेल. भुसावळहून जळगाव अपडाऊन करते, पतसंस्थेत काउंटरला आहे. सकाळी स्कूटीने स्टेशन, मग गाडी, मग पायी. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या तोंडाने स्कूटी कोण चालवतं, डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये. कंपनीने बाटलीवर १६ तास टिकतं असं लिहिलंय, ते सोळा तास एसीत बसून मोजले असतील, माझा मेकअप तर पहिल्या पंधरा मिनिटांतच स्कार्फला पुसला जातो. घामाचं एवढं काही नाही, मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की घाम अंगावर दिसतच नाही, येतो तसा वाळून जातो. खरी मारामारी स्कार्फशी.

म्हणून मी स्प्रेची घरगुती परीक्षा लावली. पांढरा सुती स्कार्फ, स्टेशनवर पोचल्यावर सोडायचा आणि आतून बघायचा. स्प्रे न मारता गेलं की नाकाचा, दोन्ही गालांचा आणि हनुवटीचा असा पूर्ण छाप, डोळे काढले की मुखवटाच. स्प्रे मारून, दोन मिनिटं वाळू देऊन मग स्कार्फ बांधला तर फक्त नाकाचा फिकट डाग. हे मी एकदा नाही, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निदान पंधरा वेळा बघितलं. त्या दिवसांत कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, ऑफिसातल्या दोघींना घ्यायलाही लावला. (त्यातली एक अजून बोलत नाही, ते वेगळं.)

जानेवारीत पहिली कुरबुर. थंडीत आपल्याकडे कातडी किती फुटते माहितीच आहे, त्यात हा अल्कोहोलवाला मॅट स्प्रे, नाकाच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यात साल निघाल्यासारखं दिसायला लागलं. ही चूक माझी, स्प्रेची नाही. थंडीत मॅट वापरायचाच नव्हता, किंवा खाली मॉइश्चरायझर नीट मुरवून कॉम्पॅक्ट पावडरला सुट्टी द्यायची होती. तसं केलं नि ते थांबलं.

आता खरं दुखणं, नोझल, म्हणजे पंपाचं ते बारीक भोक.

मार्चमध्ये त्या नोझलने रंग दाखवायला सुरुवात केली. आधी फुस्स करून बारीक धुकं यायचं, ते हळूहळू थेंब टाकायला लागलं. मी म्हटलं असेल कचरा, पुसून घेतलं. मग एप्रिलच्या शेवटी धरणगावला चुलत नणंदेचा साखरपुडा, तिथे कार्यालयाच्या त्या एका आरशासमोर आठ बायका, मी दीड तास खपून छान बेस केलेला, शेवटचा हात म्हणून स्प्रे दाबला आणि त्याने सरळ पिचकारी मारली. कपाळावर एक, डाव्या गालावर दोन ओघळ. उन्हाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर वळवाचे चार थेंब पडून पाऊस पळून जातो ना, धुळीत जसे ठिपके राहतात, डिट्टो तसा माझा गाल. पुसायला गेले तर खालचं फाउंडेशनही आलं. सगळ्या फोटोंत मी उजवा गाल पुढे करून उभी आहे.

घरी आल्यावर चष्मा लावून बघितलं तर भोकावर पांढरट पापुद्रा, फेव्हिकॉल बोटावर वाळल्यावर निघतो तसा. तेच पीव्हीपी. जे चेहऱ्यावर पापुद्रा धरतं ते भोकातही धरणारच की! कंपनीला हे माहीत नसेल का? पाण्यात विरघळतं ते, म्हणून नोझलची टोपी काढून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली, की पुन्हा नीट. पण आठ दिवस. आठ दिवसांनी पुन्हा चोंदलं. सुई घालू नका, मी घातली, भोक मोठं झालं आणि पिचकारी आणखी जाड झाली.

मग कस्टमर केअर. पाकिटावर ग्राहक तक्रारीसाठी फोन नि ईमेल छापावाच लागतो, तो शोधून मेल केला, फोटोसकट. उत्तर आलं, प्रिय ग्राहक, तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. दिवाळीत आलेल्या पार्सलचा व्हिडिओ मे महिन्यात! मी काय लग्नाचं शूटिंग केलंय त्याचं? दुसऱ्या मेलला, रिटर्नची मुदत संपली. तिसऱ्याला दहा टक्क्यांचं कूपन, तेही ९९९ च्या वरच्या खरेदीवर. चौथ्या मेलमध्ये मी फक्त एवढं लिहिलं की आता १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावते. दोन तासात उत्तर, "आम्ही तुमच्यासाठी विशेष बाब म्हणून बदली पाठवत आहोत." विशेष बाब म्हणे.

हे घोंगडं जूनपर्यंत भिजत पडलं आणि तोवर मला रोज ऑफिसला जायचंच होतं. एकदा फुले मार्केटमधून तीस रुपयांची स्प्रेची बाटली आणली, ती सलूनमध्ये केसांना पाणी मारतात त्या जातीची, तोंड धुतल्यासारखं झालं. मग एका रविवारी सासूबाईंची गुलाबजलाची बाटली हातात आली. चाळीस रुपयांची. सहज दाबली, आणि काय बारीक धुकं हो! हवेत तरंगत होतं. मी स्प्रेचा पंप फिरवून काढला, गुलाबजलाचा काढला, यावर तो बसवून बघितला, आटे जुळले! फक्त आतली नळी दोन बोटं लांब होती, ती कात्रीने तिरकी कापली, गरम पाण्यातून काढून, वाळवून बसवली. त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही थेंब नाही. दर रविवारी टोपी कोमट पाण्यात टाकते, बस.

आता तुम्हीच सांगा, चाळीस रुपयांत गुलाबजल, बाटली, पंप, लेबल, दुकानदाराचा नफा सगळं बसतं आणि वर पंप चालतो, आणि साडेसहाशेवाल्याला पंपावर चार रुपये जास्त टाकता येत नाहीत? हे माझ्या डोक्यातून जातच नाही. बाटलीचं टोपण मात्र जड, सोनेरी, मॅग्नेटचं.

पण इथे एक कबुली द्यायला पाहिजे. पंप बदलल्यावरही पहिल्या आठवड्यात कपाळावर बारीक गोळे येत होते, अंघोळीत मळ निघतो तसे, आणि मी तेही स्प्रेच्याच नावावर खपवलेलं. ते स्प्रेचं नव्हतं. मी एप्रिलपासून सनस्क्रीन बदललं होतं, ते पाणीदार जेलवालं, आणि त्यावर लगेच सिलिकॉनचा प्राइमर, फाउंडेशनच्या आधी लावतात तो, घासत होते. खालचं सुकायच्या आत वरचं चोळलं की गोळे होणारच. प्राइमर बंद केला, गोळे बंद झाले, आणि खरं सांगते, प्राइमरवाचून काही अडलं नाही, ते पाचशे रुपये वाचले. ऑफिसातल्या त्या दोघींपैकी एकीची तक्रारही हीच होती, मी तिला पंप बदल म्हणून सांगत बसले होते. तिला सॉरी म्हणायचंय.

सध्या जे जमलंय ते असं. स्वयंपाक आधी, अंघोळ नंतर, कारण गॅसपुढे उभं राहून मेकअप टिकवायला गेलात तर कुठलाच स्प्रे पुरणार नाही. मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन दोन बोटं भरून, आणि लावलं की डबे भरायला जायचं. ती दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, आधी मी ती वाया जातात समजायचे. मग फाउंडेशन हरभऱ्याच्या दाण्याएवढं, सगळ्या तोंडाला नाही, नाकाच्या बाजूला, ओठांभोवती आणि जिथे डाग आहेत तिथे. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा, त्यावर स्प्रेचा एक पंप मारायचा आणि थापायचं, घासायचं नाही. हे स्पंजवर मारायचं मी मे महिन्यात सुरू केलं, स्कार्फवरचा नाकाचा डागही त्यानेच गेला. कॉम्पॅक्ट फक्त नाक-कपाळ-हनुवटीला, पफने दाबून. कोरड्या उन्हात सगळीकडे पावडर थापली की दुपारी दोनला डोळ्यांखाली मे महिन्यातल्या कपाशीच्या रानासारख्या भेगा पडतात. शेवटी वीतभर लांबून डोळे मिटून चार पंप, आणि हलायचं नाही, बोलायचं नाही, दोन मिनिटं. घरात कोणीतरी नेमकं त्याच दोन मिनिटांत रुमाल कुठंय विचारतं.

लिपस्टिक घरून लावायचीच नाही. स्कार्फ आहे ना. बाम लावून जायचं, ऑफिसात एक थर लावून टिशूने टिपायचं, मग दुसरा थर. काजळाला स्प्रेचा काडीचा उपयोग नाही, ते डोळ्यांच्या पाण्यानं आणि पापणीच्या तेलानं पसरतं. खालच्या पापणीखाली आधी टिशू लावून कोरडं करायचं, चिमूटभर पावडर, आणि काजळावरून बारीक ब्रशने तपकिरी नाहीतर काळी आयशॅडो दाबायची. दुपारी टचअप करताना आधी टिशूने तेल टिपा, मग पावडर, नाहीतर कणीक होते तोंडाची.

दोन गोष्टी राहिल्या. अल्कोहोल आहे त्यात, गॅसजवळ किंवा देवाच्या समईजवळ मारू नका, आमच्याकडे आरसा देवघराच्या भिंतीला होता, तो मी हलवला. आणि स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, माझी एक लिपस्टिक तिथे सूप झालेली आहे. बाटलीवर थंड व कोरड्या जागी ठेवा लिहिलंय, मे महिन्यात भुसावळात थंड जागा म्हणजे माठाशेजारी, आणि ती कोरडी नसते. शेवटी धान्याच्या कोठीमागे ठेवली.

पावसाळ्यात कसा आहे म्हणाल तर आता दोनच आठवडे झालेत. उकाड्यात वरच्या ओठावरचा मेकअप लवकर सुटतो, तेवढं सोडलं तर ठीक. हिशेब केला, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर दोनशे दिवस, दिवसाला सव्वातीन रुपये पडले, आणि बाटलीत अजून दोन बोटं आहे. चहापेक्षा स्वस्त, हे मान्य. उघडल्यापासून १२ महिने चालतो, मागे उघड्या डबीच्या चित्रात १२एम लिहिलेलं असतं ते बघा, म्हणजे दिवाळीपर्यंत संपवायचाय.

आणि ते पार्सल. दोन महिने भांडून आलेली "बदली" म्हणजे तीस एमएलची पिटुकली बाटली. ठीक आहे म्हटलं, फुकटचं आहे, पंप तरी नवा मिळेल. काढून बघितला तर तोच, त्याच जातीचा, आणि आटे लहान, म्हणजे गुलाबजलाचा पंपही त्यावर बसत नाही.

मोठ्या बाटलीचा जुना पंप मी टाकला नव्हता, सासूबाईंच्या गुलाबजलाला लावून दिला होता. काल त्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "तुना पंप गळस वं, गुलाबपानी तोंडवर कमी नि लुगडावर जास्त उडस." आज जळगावहून येताना त्यांच्यासाठी नवीन गुलाबजल घेतलंय, चाळीसचं आता पंचेचाळीस झालंय.