बुलेट-येझदीच्या सुट्या भागांसाठी घरचा लेथ: नवा मिनी की जुना साडेचार फुटी?

चाकाचे स्पेसर, स्विंग आर्मचे बुश, फुटरेस्टच्या पिना घरीच लेथवर (फिरता धातू कापून आकार देणाऱ्या यंत्रावर) टर्न करायच्या ठरवल्या की गाडी याच प्रश्नावर येऊन थांबते. टेबलावर मावणारा नवा मिनी लेथ घ्यावा, की बंद पडलेल्या एखाद्या वर्कशॉपमधला राजकोट किंवा बटाला या लेथ बनवणाऱ्या शहरांतला जुना साडेचार फुटी उचलावा? माझ्याकडे आधी मिनी होता, आता जुना आहे. दोघांवरही मनापासून काम केलंय.

मिनीचं आधी सांगतो, कारण त्याचे गुण खरे आहेत. चाळीसेक किलोचं यंत्र दोघांनी उचलून ठेवता येतं, घरच्या प्लगवर चालतं, स्पीड नुसत्या नॉबने बदलतो. ॲल्युमिनियम आणि पितळ त्यावर सुरेख निघतं. हँडलचे बार-एंड, आरशाचे अडॅप्टर मी त्यावरच केले. मेट्रिक लीडस्क्रूवाला (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) असेल तर १.२५ मिमी पिचचे, म्हणजे तेवढ्या अंतराचे, आटे पाडणं सोपं. जुन्या लेथचा लीडस्क्रू बहुधा इंचाला ४ आट्यांचा असतो. त्यावर मेट्रिक आटे पाडायला १२७ दात्यांचा गियर शोधावा लागतो, आणि हाफ नट (टूल लीडस्क्रूला जोडणारा नट) सोडता येत नाही, दर पासला मशीन उलटं फिरवून मागे यावं लागतं. जावा-येझदीचे आटे मेट्रिक, त्यामुळे त्यांच्या मालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. जुन्या बुलेटचे बरेच आटे इंचातले, त्यामुळे तिथे जुना लेथ घरच्यासारखा वाटतो.

माझ्यासाठी निकाल लागला तो मात्र पार्टिंगवर, म्हणजे तयार तुकडा बारपासून पातळ ब्लेडने कापून वेगळा करण्यावर.

चाकात ६२०३ बेअरिंग आहे, म्हणजे १७ मिमी बोअरचा स्पेसर हवा. बाहेरचा व्यास धरा २५, मटेरियल ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद). मिनीच्या स्पिंडलचं (फिरणाऱ्या पोकळ दांड्याचं) भोक २० मिमीचं, त्यामुळे बार आरपार जात नाही. आधीच कापलेला तुकडा चकमध्ये (स्पिंडलवरच्या पकडीत) धरावा लागतो. ड्रिल, बोरिंग, फेसिंग, सगळं नीट होतं. मग पार्टिंग ब्लेड आत शिरतं आणि टूल पोस्टसकट सगळं थरथरायला लागतं. फीड कमी केला तर ब्लेड नुसतं घासून तापतं, वाढवला तर जॉबमध्ये रुततं आणि मोटर जागीच थांबते. जिब (स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) आवळले, कॅरेज (टूल वाहणारा भाग) लॉक केलं, टूल बरोबर सेंटरला आणलं, कटिंग ऑइल सोडलं. फरक पडला, पण भरवसा वाटेना. मग हॅक्सॉ घ्यायचा, आणि तिरका कापलेला तुकडा उलटा धरून कितीतरी वेळ फेस करत बसायचं. स्पेसरच्या दोन्ही बाजू समांतर नसल्या तर ॲक्सलचा नट आवळताना बेअरिंगची आतली रेस तिरकी दाबली जाते, म्हणून इथे चालढकल चालत नाही.

जुन्या लेथवर तोच बार स्पिंडलमधून आरपार जातो. बॅक गियर टाकायचा, वेग उतरवायचा, ब्लेड घालायचं. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी होत कीस बाहेर येतो आणि तुकडा सरळ सुटतो. उलटून एक हलका हात मारला की स्पेसर तयार. बीडाच्या वजनाला पर्याय नाही, असं माझं तरी मत झालंय.

त्याच्या अडचणी आहेतच. तीनशे किलोंच्या वरचं धूड, तळमजला आणि पक्की फरशी हवी. थ्री-फेज मोटर असेल तर, एक एचपीपर्यंत तरी, घरच्या लाइनवर व्हीएफडीने (सिंगल-फेजवरून थ्री-फेज देणाऱ्या उपकरणाने) भागतं. चकजवळचा बेड झिजलेला असतो, त्यामुळे लांब जॉबला टेपर येतो, म्हणजे तो एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक होतो. पण आपले बुश-स्पेसर दोन-तीन इंचांचे, तिथे मला ते जाणवलेलं नाही. प्लेही (स्क्रूतली ढिलाई) असतो, तेव्हा क्रॉस स्लाइडचा डायल नेहमी एकाच बाजूने आणायची सवय लावावी. ॲक्सल आणि ब्रेकचे भाग मी यावरही बनवत नाही, कारण घरी हीट ट्रीटमेंट होत नाही.

तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, किंवा काम मुख्यतः ॲल्युमिनियमचं असेल, तर मिनीच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तळमजल्यावर जागा असेल तर मात्र आधी जुना बघून या. जाताना ईएन-८ चा २५ मिमीचा बार बरोबर न्या आणि मालकाला टर्निंग नव्हे, पार्टिंग करून दाखवायला सांगा.