पुण्यात टॅटू कुणाकडे काढावा: स्टुडिओत की घरून काम करणाऱ्या आर्टिस्टकडे?

पर्याय तसे तीन. फर्ग्युसन रस्ता, कॅम्प, कोरेगाव पार्क या भागांतले स्टुडिओ. इन्स्टाग्रामवर काम दाखवून स्वतःच्या फ्लॅटच्या एका खोलीत टॅटू काढणारे आर्टिस्ट. आणि जत्रेत किंवा फूटपाथवर मशीन मांडून बसणारे. तिसऱ्यांचा विषय इथेच संपवू. तीच सुई आणि शाईचं तेच टोपण पुढच्या गिऱ्हाइकाला वापरलं जाण्याची भीती तिथे सगळ्यात जास्त. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तावाटे पसरतात, आणि स्पिरिटचा बोळा फिरवल्याने सुई निर्जंतुक होत नाही.

उरले दोघे. त्यांच्यातला मोठा फरक असा, की घरून काम करणाऱ्याकडे ज्याचे फोटो बघितले त्याच्याच हातात मशीन असतं. स्टुडिओत बोलणं काउंटरवरच्या माणसाशी होतं, भिंतीवरचं काम सीनियरचं असतं आणि खुर्चीत बसल्यावर समोर येतो तो सहा महिन्यांपूर्वी शिकायला लागलेला मुलगा. म्हणून स्टुडिओत आधी नाव विचारा, मग त्या नावाचं काम मागा, आणि अपॉइंटमेंट त्याच नावाने घ्या.

काम बघायचं ते बरं झालेलं. ताज्या टॅटूच्या फोटोत काळा रंग गडद आणि चकचकीत दिसतो, कडेने कातडी लाल असते. त्यावरून काही कळत नाही. निदान सहा महिने जुन्या टॅटूचे फोटो मागा, तेही तुम्हाला हवं त्याच प्रकारच्या कामाचे. रेषेच्या कडेला निळसर धूसर पट्टा दिसला तर सुई खोल गेलेली आहे. शाई साधारण १ ते २ मिलिमीटर खोलीवर बसायला हवी. त्याखालच्या चरबीत उतरली की पसरते. मनगटाची आतली बाजू आणि घोटा इथली कातडी पातळ, त्यामुळे हा दोष तिथे पटकन दिसतो. ‘जुने फोटो नाहीत’ असं उत्तर मिळालं, तर स्टुडिओ कितीही चकाचक असो, पुढे सरका.

मराठी अक्षरांचं काम असेल तर निवड आणखी काटेकोर हवी. देवनागरी न वाचता येणारा आर्टिस्ट अक्षराचं चित्र गिरवतो. अनुस्वार गळला तरी त्याच्या ते लक्षात येत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळवणारी ‘वर्ल्ड-रेडी’ सेटिंग सुरू नसेल तर जोडाक्षरं तुटून सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते. फॉन्ट हिंदी वळणाचा निघाला तर पाकळीचा ल आणि देठाचा श जाऊन दंडाचा ल आणि गाठीचा श येतो. वर्षानुवर्षं रेषा थोडी फुगतेच, म्हणून म, भ, ष यांच्या गाठी आणि पोकळ्या बुजू नयेत यासाठी अक्षराची उंची सेंटिमीटरभर तरी ठेवावी. मनगटावर पूर्ण श्लोक मागणाऱ्याला नकार देणारा आर्टिस्ट चांगला समजा. एवढ्या कामासाठी देवनागरी नीट येणारा, घरून काम करणारा आर्टिस्टही पुरतो. कित्येकदा तोच बरा, कारण डिझाइनवर जास्त वेळ घालवतो.

पोर्ट्रेट आणि कव्हरअप (जुना टॅटू झाकणारा नवा टॅटू) मात्र स्टुडिओत, आणि तेही फक्त तेच काम करणाऱ्याकडे. शिवाजी महाराजांचा चेहरा तळहाताहून लहान करू नये, डोळे काही वर्षांत एकच काळा ठिपका होतात. चार-पाच तासांच्या बैठकीला पक्का हात-टेकू, उजेड आणि मधली विश्रांती लागते. बिनबॅकचं स्टूल आणि ट्यूबलाइट असलेल्या बेडरूममध्ये तिसऱ्या तासाला दोघांचीही पाठ बोलायला लागते.

स्वच्छतेची परीक्षा दोघांना सारखीच. सुईच्या कार्ट्रिजचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटायला हवं, त्यावर एक्स्पायरीची तारीख आणि लॉट नंबर हवा. शाई छोट्या कपात काढून उरलेली फेकली जावी. मशीन, वायर आणि स्प्रेची बाटली यांना प्लॅस्टिक गुंडाळलेलं असावं. गडबड होते ती फोन वाजल्यावर: ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाइल उचलायचा आणि त्याच हाताने पुन्हा काम. बघितलंत तर ग्लोव्हज बदलायला सांगा, संकोच नको. स्टीलची ग्रिप, म्हणजे मशीन धरायची मूठ, पुन्हा वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, हवाच: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं. निळ्या (यूव्ही) दिव्याची पेटी त्याची जागा घेत नाही. सगळंच एकदा वापरून फेकायचं असेल तर ऑटोक्लेव्ह नसला तरी चालतं. वापरलेल्या सुया टणक बंद डब्यात जायला हव्यात. स्वयंपाकघरातल्या डस्टबिनमध्ये जात असतील तर उठा. भिंतीवरचं शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र दुकानाची नोंदणी सांगतं, स्वच्छतेबद्दल काहीच नाही.

भाव बहुतेक स्टुडिओ चौरस इंचावर लावतात, वर एक किमान रक्कम असते. ३ बाय पाऊण इंचाचं नाव म्हणजे सव्वादोन चौरस इंच, म्हणजे किमान रक्कमच पडणार. ४ इंच व्यासाचा मंडला चौकट धरून मोजला तर १६ चौरस इंच, वर्तुळ धरून मोजला तर साडेबारा. कसं मोजणार ते आधी ठरवा. घरून काम करणारे ठोक भाव सांगतात, त्यात टचअप (बरं झाल्यावर फिक्या राहिलेल्या जागा पुन्हा भरणं) धरलाय का हे विचारून घ्या.

दोघांकडेही स्टेन्सिल, म्हणजे सुई लावण्याआधी कातडीवर उमटवलेला डिझाइनचा छाप, लावल्यावर उभं राहून बघा, फोटो काढून एक-एक अक्षर वाचा. पटलं नाही तर पुसून पुन्हा लावायला कुरकुर करणाऱ्याकडे काम सुरू करू देऊ नका.

वेळेचंही बघा. पहिले दोन-तीन आठवडे पोहणं, कडक ऊन आणि घर्षण नको. ढोलपथकात असाल तर सरावाच्या दिवसांत कंबर आणि पोट वगळा, दोरी तिथेच घासते. दुचाकीवर हात सैल सुती बाहीने झाका. सनस्क्रीन जखम पूर्ण भरल्यावरच. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी जागा निवडताना सावध राहावं: कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच ठिकाणचा कायमचा टॅटू चालतो, आदिवासी जमातींना त्यात सवलत आहे.