इंग्लंड, स्कॉटलंड की आयर्लंड? मेटल डिटेक्टर हाती घेण्यापूर्वीची तुलना

समजा, नांगरलेल्या शेतात तुम्हाला पहिल्या चार्ल्सच्या राजवटीतील, म्हणजे साधारण शिवजन्माच्या काळातील, चांदीचे एक सुटे नाणे सापडले. शेत इंग्लंडमध्ये असेल तर ते नाणे सहसा जमीनमालकाचे ठरते. शेत स्कॉटलंडमध्ये असेल तर ते राजसत्तेचे असते, आणि त्यावर जमीनमालकाचाही हक्क नसतो. उत्तर आयर्लंडमध्ये ते उकरून काढण्यापूर्वीच तुमच्याकडे परवाना असायला हवा होता. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात नाणे सरकारचे असते, आणि लेखी संमतीवाचून ते शोधण्यासाठी यंत्र चालवणे हाच मुळात गुन्हा असतो. एकमेकांना लागून असलेल्या या चार प्रदेशांची भाषा एक आणि हवाही जवळपास एकच आहे. त्यामुळे नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी तिथे गेलेला माणूस कायदाही एकच असेल असे गृहीत धरतो, आणि नेमके तिथेच फसतो.

मेटल डिटेक्टर विकत घेण्याच्या विचारात असलेल्यांनी मोबदल्याच्या बातम्या बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारावेत, असे माझे स्पष्ट मत आहे: शोधण्याची परवानगी कोण देतो, आणि सापडलेली वस्तू कोणाची? खालील तुलना याच दोन प्रश्नांवर उभी आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये नवख्या माणसाला सर्वाधिक मोकळीक आहे. तिथे यंत्र वापरण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. जमीनमालकाची परवानगी मात्र लागतेच. ती नसेल तर तुम्ही अतिक्रमण करता, आणि सापडलेली वस्तू उचलून नेली तर ती चोरी ठरते. जमीन कुळाकडे कसायला दिलेली असेल तर कुळ आणि मालक या दोघांचीही संमती घ्यावी, आणि काय सापडल्यास कसे वाटून घ्यायचे ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सह्या कराव्यात. तोंडी शब्दावर सुरू झालेली मैत्री पहिल्या सोन्याच्या तुकड्यानंतर किती टिकेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. संरक्षित स्मारकांच्या हद्दीत मात्र मालकाची परवानगी पुरत नाही. तिथे ऐतिहासिक वारसा सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या (वेल्समध्ये काडूच्या) लेखी संमतीवाचून यंत्र चालवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या काठावर शोध घेण्यासाठी पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो.

‘ट्रेझर’ म्हणजे काय, हे १९९६ च्या ट्रेझर ॲक्टने काटेकोरपणे ठरवले आहे. नाणी सोडून इतर वस्तू किमान ३०० वर्षे जुनी असावी आणि तिच्या वजनात किमान १० टक्के सोने किंवा चांदी असावी, हा मुख्य निकष आहे. एकाच ठेव्यातील तितकीच जुनी सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी ट्रेझर ठरतात, तर कमी किमतीच्या धातूच्या नाण्यांच्या बाबतीत ही संख्या दहा आहे. जुलै २०२३ पासून यात एक नवा वर्ग आला: २०० वर्षांहून जुनी, धातूचा अंश असलेली आणि इतिहासाच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाची वस्तू. म्हणजे केवळ सोने नाही म्हणून एखादी वस्तू खुशाल घरी ठेवता येईल, हा जुना समज आता चालत नाही. ट्रेझर सापडल्यावर, किंवा ते ट्रेझर असावे अशी शंका आल्यावर, १४ दिवसांत त्या भागाच्या कोरोनरला (अकस्मात मृत्यू आणि सापडलेले ठेवे यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावे लागते; न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात हे काम ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालील पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्यामार्फत होते. हा अधिकारी या छंदातला सर्वात उपयोगी माणूस आहे. ट्रेझर नसलेल्या वस्तूंचीही तो नोंद करतो, आणि तुमच्या हातात नेमके काय आले आहे हे प्रथम तोच सांगू शकतो.

संग्रहालयाने वस्तू घ्यायचे ठरवले तर तिची बाजारभावाने किंमत ठरते आणि ती रक्कम सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. २००९ मध्ये स्टॅफर्डशर येथे सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन सोन्याच्या ठेव्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली होती. २०१९ मध्ये सॉमरसेटच्या च्यू व्हॅलीत नॉर्मन आक्रमणाच्या काळातील २,५८४ चांदीची नाणी सापडली. त्यांची किंमत ४३ लाख पौंड ठरली आणि ती २०२४ मध्ये संग्रहालयासाठी घेतली गेली. शोध आणि खरेदी यांच्यातले अंतर आवर्जून पाहावे: नाणी सापडण्यापासून खरेदीपर्यंत पाच वर्षे गेली. त्या रकमेच्या भरवशावर घराचे कर्ज काढण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. बहुतेकांना आयुष्यभर बटणे, काडतुसांचे तुकडे आणि झिजलेली पेनीच मिळतात, आणि तेवढ्यावर ज्याचे समाधान होते त्यानेच या वाटेला जावे.

स्कॉटलंडचे चित्र वेगळे आहे, आणि काही बाबतीत मला ते अधिक प्रामाणिक वाटते. तिथे वय, धातू, संख्या अशी कोणतीही अट नाही. जमिनीत सापडलेली, मालक नसलेली प्रत्येक पुरातन वस्तू राजसत्तेची असते. त्यामुळे चांदीचा ठेवा असो की दगडी कुऱ्हाड, ती ट्रेझर ट्रोव्ह युनिट या अशा वस्तूंसाठीच्या सरकारी कार्यालयाला कळवावीच लागते. संग्रहालयाने वस्तू ठेवून घेतली तर शोधणाऱ्याला बक्षीस मिळते. पण ते सरकारच्या मर्जीने दिलेले असते, हक्क म्हणून मागता येत नाही. जमीनमालकाला या व्यवस्थेत वाटा नाही. २०१४ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जमिनीत सापडलेल्या गॅलोवे ठेव्यासाठी १९ लाख ८० हजार पौंडांचे बक्षीस ठरले, ते शोधणाऱ्याच्या नावे. आणि पुढे चर्च व शोधणारा यांच्यातील वाद न्यायालयापर्यंत गेला. म्हणून मालकाला कायद्याने काही मिळत नसले तरी त्याच्याशी लेखी करार करण्याची गरज इथे इंग्लंडइतकीच, किंबहुना जास्त आहे. आणखी एक गफलत इथे सर्रास होते. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर कोणालाही हिंडण्याचा हक्क दिला आहे. पण हिंडण्याचा हक्क म्हणजे खणण्याचा हक्क नव्हे.

आयर्लंड बेटावर आले की तुलनाच बदलते. उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डमचा भाग असला तरी १९९५ च्या आदेशानुसार तिथे पुरातन वस्तू शोधण्यासाठी खोदकाम करायचे तर सरकारी परवाना लागतो, आणि सापडलेली प्रत्येक पुरातन वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. मालकाच्या होकाराने हे बंधन सुटत नाही.

प्रजासत्ताकातील कायदा इतका कडक का झाला, हे समजण्यासाठी १९८० सालची टिपररी परगण्यातील घटना पाहावी लागते. डेरिनाफ्लान येथील जुन्या मठाच्या आवारात एका बापलेकांना मेटल डिटेक्टरच्या साहाय्याने प्रारंभिक ख्रिस्ती काळातील चांदीचा चषक, तबक आणि इतर भांडी सापडली. ती जागा पाहायला लोकांना मज्जाव नव्हता, परंतु खणायची परवानगी कोणी दिलेली नव्हती. बापलेकांनी भांडी संग्रहालयाला दिली, मोबदल्यावरून वाद झाला, आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की असा ठेवा राष्ट्राचा असतो. मात्र संग्रहालयाच्या संचालकांनी त्यांना सन्मानाने वागवण्याचे आश्वासन दिले असल्यामुळे ५० हजार आयरिश पौंडांचे बक्षीस द्यावे. त्याच वर्षी नवा कायदा झाला. त्यानुसार पुरातन वस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायचा असेल तर सरकारची लेखी संमती हवी, संरक्षित स्मारकांवर यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा, आणि दंडाची मर्यादा ६३ हजार युरोंच्या पुढे, शिवाय कैद. १९९४ च्या दुरुस्तीने सापडलेल्या पुरातन वस्तूंवरील सरकारची मालकी कायद्यात लिहिली गेली. योगायोगाने काही सापडले तरी ते चार दिवसांत राष्ट्रीय संग्रहालयाला कळवावे लागते. ‘मी फक्त हरवलेली अंगठी शोधत होतो’ हे कारण पुढे करून स्वतःची परीक्षा पाहू नये.

वरील सर्व धोके स्थानिकांनाही आहेत. परदेशी माणसाचा धोका त्याहून मोठा आहे. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांनी व्हायकिंग काळातील ठेवा शोधला, तो न कळवता विकायला सुरुवात केली, आणि अंदाजे ३०० नाण्यांपैकी मोजकीच परत मिळाली. २०१९ मध्ये त्यांना चोरी व लपवाछपवीसाठी अनुक्रमे १० आणि साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, तरी वर्षांतच राहिली. २००७ च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये परदेशी नागरिकाला १२ महिने किंवा अधिक कैद झाली तर त्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई होते, आणि नागरिकत्वाच्या अर्जात सद्वर्तनाची अट असतेच. एका नाण्यासाठी व्हिसा, नोकरी आणि मुलांची शाळा पणाला लावणे कोणत्याही हिशोबात बसत नाही.

वस्तू मुंबईला आणायचा मोहही आवरावा. ब्रिटनच्या मातीतून निघालेल्या पुरातन वस्तूला बाहेर नेण्यासाठी, तिची किंमत कितीही कमी असली तरी, निर्यात परवाना लागतो. भारतात आल्यावर शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसू शकते, आणि मग ती खासगी व्यक्तीला पुन्हा बाहेर नेता येत नाही. आपल्याकडील १८७८ च्या निखात निधी कायद्यात जमीनमालक ठरलेला असल्यास शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश अशी वाटणी आहे. तो हिशोब डोक्यात ठेवून तिकडच्या कोणाशीही वाटाघाटी करू नयेत.

सुट्टीत यंत्र सोबत घेऊन युरोपात फिरायचा बेत असेल तर तो बदलावा. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वस्तू शोधण्यासाठी यंत्र वापरायला सरकारी प्रशासनाची परवानगी लागते. तुर्कस्तानात परवान्याने ठेवा खणण्याची सोय कायद्यात आहे, पण ती मर्यादित जागेत आणि संग्रहालयाच्या देखरेखीखाली. आणि पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्याच्या गुन्ह्याला ५ ते १२ वर्षांची शिक्षा आहे.

इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहणाऱ्याने हा छंद जरूर सुरू करावा, मात्र आधी सार्वजनिक दायित्व विमा देणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व घ्यावे, क्लबच्या शेतावर एक-दोन हंगाम काढावेत आणि मग स्वतःचा करार करावा. महायुद्धातील न फुटलेले बाँब आजही शेतात निघतात. तसे काही दिसताच हात न लावता दूर होऊन ९९९ ला फोन करावा. स्कॉटलंडमधील वाचकानेही सुरुवात करावी, पण जे सापडेल ते आपले नाही हे आधी मनाशी ठरवून. डब्लिन किंवा कॉर्कमध्ये राहणाऱ्याने यंत्र घेऊच नये. त्याऐवजी परवानाधारक पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननांवर स्वयंसेवकांची गरज असते तिथे नाव द्यावे. तिथे हातात खुरपी येते, मातीचा प्रत्येक थर वाचायला शिकवणारा माणूस शेजारी असतो, आणि जे सापडते त्याची जागा पहिल्याच दिवशी नकाशावर नोंदली जाते.